सूर कळण्याचं वय

आवाजातली भावना कानांना कशी कळते, याचा शोध बराच काळ प्रौढ नटांच्या भरवशावर चालला. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ग्रँट फेअरबँक्स यांनी सहा नटांकडून तेच शब्द राग, भीती, दुःख, तिरस्कार आणि बेफिकिरी अशा पाच भावांत म्हणवून घेतले आणि आवाजाची पट्टी मोजली. पण नटाची भीती खऱ्या भीतीसारखी असते का?

१९७२ मध्ये कार्ल विल्यम्स आणि केनेथ स्टीव्हन्स यांनी त्यासाठी एक जुनं ध्वनिमुद्रण तपासलं. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टला उतरताना हिंडेनबर्ग हे जर्मन हवाईजहाज पेटलं, तेव्हा शिकागोच्या रेडिओ केंद्राचे हर्बर्ट मॉरिसन तिथे वर्णन मुद्रित करत होते. आगीआधी त्यांचा सूर स्थिर आहे. आग भडकताच पट्टी चढते, वेडीवाकडी हलते, गळा दाटून येतो. माणूस तोच आणि अभिनय अजिबात नाही, म्हणून हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

ऐकणाऱ्याच्या वयाकडे लक्ष मात्र उशिरा गेलं. २००१ मध्ये कॅनडात मॉर्टन आणि ट्रेहब यांनी ४ ते १० वर्षांच्या मुलांना आनंदाची गोष्ट रडवेल्या सुरात ऐकवली. बहुतेक मुलं शब्दांवर गेली. प्रौढ सुरावर गेले.

लहान मुलं आणि प्रौढ यांच्या मधली वर्षं अभ्यासात तेव्हाही रिकामीच होती. २०१८ मध्ये ५ ते १७ वयोगटाला हसणं, किंचाळणं असे शब्दाविना आवाज ऐकवल्यावर दिसलं, की प्रौढांइतकी ओळख साधारण १४-१५ व्या वर्षी येते. पूर्ण वाक्यं असली की काम आणखी अवघड. त्याच वर्षी मिशेल मॉर्निंगस्टार आणि मॉन्ट्रियलच्या सहकाऱ्यांना १३ ते १५ वर्षांची मुलं प्रौढांच्या मागे आढळली. शिवाय किशोरांच्या आवाजातली भावना ओळखणं मोठ्यांनाही जड गेलं. किशोरांच्या सुरात एका भावनेपासून दुसरीपर्यंत पट्टीचा फरक कमी पडतो. घरोघरी 'उर्मटपणे बोलू नकोस' यावरून होणाऱ्या भांडणांत हे ध्यानात घ्यायलाच हवं: चूक दोन्ही बाजूंच्या कानांची असू शकते.

तरी किशोर सुराला बधिर नसतात. २०१९ मध्ये कार्डिफ विद्यापीठाने १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांना आयांच्या आवाजातली तीच वाक्यं वेगवेगळ्या सुरांत ऐकवली; दरडावणीचा सूर मुलांना झोंबला, आधार देणारा भावला. आणि २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सेकंदाहूनही छोटे निरर्थक शब्द ऐकवून मेंदूचे स्कॅन घेतले. लहान मुलांच्या मेंदूतली सुखाची केंद्रं आईच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देत होती. साधारण १३-१४ पासून तीच केंद्रं अनोळखी आवाजांकडे अधिक वळलेली दिसली.