सुपरचार्ज्ड स्नोमोबाइल: तेल गार ठेवायचं तर हवेला बाहेरची वाट द्या

अमेरिकेत व्योमिंगमधली टोग्वोटी खिंड समुद्रसपाटीपासून २,९४४ मीटरवर आहे. हिवाळ्यात अशा ठिकाणी मऊ, खोल बर्फातून चढण चढणाऱ्या स्नोमोबाइलभोवती (बर्फावर रबरी पट्ट्याने धावणाऱ्या गाडीभोवती) उणे १० अंशांची हवा असते. तरीही सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) बसवलेल्या फोर-स्ट्रोक इंजिनाचं तेल १३० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतं.

या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के दाट असते. सुपरचार्जर ती दाबून इंजिनाची कमतरता भरून काढतो. त्यामुळे इंजिन समुद्रसपाटीला द्यायचं तेवढी, कधी त्याहून जास्त ताकद देतं आणि त्याच प्रमाणात तापतं. तेल गार करणाऱ्या जाळीदार ऑइल कूलरला मात्र कोणी हवा दाबून देत नाही, त्याच्या वाट्याला विरळच हवा येते. त्यात चढावर थ्रॉटल पूर्ण उघडा असतो आणि वेग ताशी ३०-४० किलोमीटर. म्हणजे उष्णता सर्वात जास्त आणि वारा सर्वात कमी, हे दोन्ही एकाच वेळी. गुलमर्गला पर्यटकांना फिरवणाऱ्या गाड्यांवर ही वेळ सहसा येत नाही.

कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची सोय वेगळी असते. ट्रॅकच्या, म्हणजे गाडी ढकलणाऱ्या रबरी पट्ट्याच्या वरच्या टनेलमध्ये हीट एक्स्चेंजर असतात आणि ट्रॅकने उडवलेला बर्फच त्यांना गार करतो. त्यामुळे कूलंटचा काटा जागेवर असतो आणि तेल मात्र तापलेलं असतं. पिस्टनची खालची बाजू आणि बेअरिंग यांची उष्णता तेलच वाहून नेतं. १०० अंशांना १४ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) असलेलं ४० ग्रेडचं तेल १३० अंशांना साधारण निम्म्यावर येतं. बेअरिंगमधला तेलाचा थर पातळ होतो आणि तेल लवकर ऑक्सिडाइज होतं.

आता हवा किती लागते ते पाहू. समजा हवेने गार होणाऱ्या वेगळ्या ऑइल कूलरने ५ किलोवॉट उष्णता बाहेर टाकायची आहे आणि हवा उणे १० वरून ४० अंशांपर्यंत तापू द्यायची आहे. एक किलो हवा एक अंश तापायला साधारण १ किलोज्यूल लागतात, म्हणजे सेकंदाला ०.१ किलो हवा हवी. तीन हजार मीटरवर ती भरते सुमारे १०७ लिटर, समुद्रसपाटीला ७४ लिटरच. कोअरमधून, म्हणजे कूलरच्या पात्यांच्या गाभ्यातून हवा सेकंदाला ५ मीटर वेगाने गेली तरी २१५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण १५ बाय १४ सेंटिमीटरचा उघडा दर्शनी भाग लागतो. त्यावर बर्फ अडवणारी जाळी लावली की प्रवाह घटतो, म्हणून जाळीचं क्षेत्रफळ कोअरच्या निदान दीडपट ठेवावं.

बहुतेक जण इथपर्यंत नीट करतात. पुढच्या बाजूला भोक पाडतात, कूलर बसवतात आणि थांबतात. पण समोरासमोर खिडक्या नसलेल्या खोलीत वारा खेळत नाही, तसंच हुडखाली, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाखालीही. ताशी ४० किलोमीटरला त्या उंचीवर वाऱ्याचा दाब जेमतेम ५७ पास्कल, म्हणजे पाण्याच्या स्तंभात ६ मिलिमीटरही नाही. एवढ्याशा दाबावर हवा कोअरच्या अरुंद पात्यांमधून जाण्यापेक्षा बाजूच्या फटीतून निसटणंच पसंत करते. म्हणून व्हेंटपासून (हवा आत येण्याच्या भोकापासून) कोअरपर्यंत १ मिलिमीटर ॲल्युमिनियम पत्र्याची डक्ट, म्हणजे बंद वाट करावी आणि कोअरच्या चारही कडा क्लोज्ड-सेल फोमने बंद कराव्यात. तापलेली हवा फुगते, त्यामुळे बाहेरची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा निदान २० टक्के मोठी हवी.

ही वाट कुठे काढायची, इथे फसगत होते. विंडशील्डच्या पायथ्याशी जागा सोयीची दिसते, पण काच उभी असली की वारा तिथे आपटून दाब वाढतो आणि गरम हवा आत ढकलली जाते. हुडच्या बाजूच्या पॅनलचा मागचा भाग जास्त बरा. मात्र ही हवा इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणाऱ्या बेल्टच्या कव्हरवर किंवा सुपरचार्जरच्या इनटेककडे जाता कामा नये. बेल्ट उष्णतेने लवकर जातो आणि गरम इनटेकमुळे डेटोनेशनचा (इंधन वेळेआधी अनियंत्रित भडकण्याचा) धोका वाढतो.

काम झालं की नाही हे अंदाजाने ठरवू नये. कूलरच्या पुढे आणि मागे एकेक पारदर्शक नळी लावून तिरका मॅनोमीटर (दाबातला फरक दाखवणारी द्रवाची नळी) करावा. साधं पाणी गोठेल, म्हणून न गोठणारं वॉशर फ्लुइड वापरावं. चालत्या गाडीत दोन्ही बाजूंचा दाब सारखाच दिसला, तर कोअरमधून हवा जातच नाही. बारीक फॅन लावायचा असेल तर आधी स्टेटरची (गाडीत वीज तयार करणाऱ्या भागाची) क्षमता तपासावी, कारण ८ अँपिअरचा फॅन ११० वॉट खातो.

तेल अति गार होणंही वाईट. ८० अंशांच्या खाली राहिलं की त्यात मिसळलेलं पेट्रोल आणि पाणी नीट उडून जात नाही, भरण्याच्या टोपीखाली दुधाळ थर दिसतो. म्हणून ८० अंशांच्या आसपास उघडणारी थर्मोस्टॅट सँडविच प्लेट (ऑइल फिल्टरखाली बसणारी, तेल कूलरकडे वळवणारी चकती) हवीच. उघडण्याआधीही थोडं तेल कूलरमधून फिरवणारी प्लेट घ्यावी, नाहीतर नळ्यांत उणे २० अंशांचं घट्ट तेल साचून राहतं. १० नंबरची (आतून साधारण १४ मिलिमीटर रुंद) दोन मीटर नळी सुमारे ३०० मिलिलिटर तेल घेते, कोअरचं वेगळं. ड्राय संप इंजिनात (जिथे तेल वेगळ्या टाकीत असतं) पातळी निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे, गरम इंजिनावरच बघावी. जास्त भरलं तर फेस येतो. रोट्रेक्स कंपनीच्या प्रकारच्या सुपरचार्जरला स्वतःचं वेगळं ट्रॅक्शन ऑइल (त्याच्या आतल्या रोलरांना पकड देणारं तेल) आणि छोटा कूलर असतो. त्याची तापमानमर्यादा इंजिन तेलापेक्षा कमी असल्याने त्यालाही स्वतंत्र हवा द्यावी.

चढावर काटा १२५ अंशांपुढे जाऊ लागला तर इंजिन एकदम बंद करू नये. सपाट जागी येऊन कमी थ्रॉटलवर गाडी चालू ठेवावी. काही मिनिटांत तापमान उतरलं तर दोष बहुधा हवेच्या वाटेत आहे: जाळी बर्फाने भरली असेल किंवा वितळलेलं पाणी थांब्यावर पात्यांत गोठलं असेल. सपाटीवरही उतरलं नाही तर आधी तेलाची पातळी बघावी, मग अडकलेला थर्मोस्टॅट.