उणे उजनी आणि अडकलेला काटा

सोलापूरकर सकाळी पेपर हातात घेतला की आधी उजनी धरणात किती टक्के पाणी आहे तो आकडा बघतो. नळाला किती दिवसांआड पाणी येणार, याचा अंदाज त्यावरच बांधायचा असतो. म्हणून टॉवेलचा कारखाना असलेल्या मित्रासाठी डॅशबोर्ड, म्हणजे कामाचे सगळे आकडे एकाच पानावर दाखवणारा पडदा, करायला घेतला, तेव्हा सुताचा भाव, चालू ऑर्डरी आणि विजेचे युनिट यांच्या शेजारी उजनीची काट्याची तबकडीही बसवली. तबकडी मी घडवली नव्हती, दुसऱ्याने लिहिलेला तयार कॉम्पोनंट (पानावर बसवायचा सुटा घटक) उचलून लावला होता. मे महिन्यात काटा शून्यावर येऊन बसला तो हलेचना.

"अहो, काटा अडकलाय बघा," दिवाणजी म्हणाले.

काटा अडकला नव्हता, धरण उणे झालं होतं. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला 63.65 टीएमसी मृत साठा, म्हणजे एरवी हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी, वरचा 53.57 टीएमसी उपयुक्त. टक्केवारी मोजतात ती या उपयुक्त साठ्याची. एकूण पाणी 53 टीएमसीवर उतरलं की मृत साठ्यातूनच 10.65 टीएमसी गेलेलं असतं, त्याला 53.57 ने भागा, उणे 20 टक्के येतात. 2024 च्या उन्हाळ्यात तर आकडा उणे 50 च्याही खाली गेला होता. तबकडी लिहिणाऱ्याने मात्र टक्के म्हणजे 0 ते 100 असं गृहीत धरून ही हद्द कोडमध्येच कोरून ठेवली होती. त्याची तरी काय चूक, त्याने उजनी कुठे पाहिलंय!

मी घाईघाईने खालची हद्द उणे 100 केली. तीही चूकच. धरण पार कोरडं पडलं असं धरलं, तर हिशेब उणे 119 च्या आसपास जातो. आणि भर पावसाळ्यात आकडा 100 च्या वरही चढतो. शेवटी हद्द तबकडीतून काढूनच टाकली. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आत्ता किती, हे तिन्ही आकडे आता बाहेरून दिले जातात. तबकडीला धरण माहीत नाही, वीज माहीत नाही. मिळालेल्या आकड्यांवर ती काटा फिरवते, बस्स. त्यामुळे तीच तबकडी विजेच्या भारालाही चालली.

मांडणीचंही तसंच. पानाचे 12 उभे रकाने पाडायचे आणि प्रत्येक घटक आपापल्या चौकटीत बसवायचा. बाराच का, तर 12 ला 2, 3, 4 आणि 6 ने भाग जातो. निम्मी, तिसरा हिस्सा, पाव, कशीही वाटणी सरळ होते. माणूस चौकट बोटाने ओढून हलवतो तेव्हा जपून ठेवायचे असतात चारच आकडे: कितव्या रकान्यापासून, कितव्या ओळीपासून, किती रुंद, किती उंच. सोबत घटकाचं नाव आणि माहिती कुठून घ्यायची तो पत्ता. घटकामागे अशा दोन-चार ओळी, तेवढ्या मजकुरात अख्खं पान मावतं. मजकूर बदलला की पान बदलतं, कोड तोच राहतो. चादरीच्या जॅकार्ड मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलली की नक्षी बदलते, माग तोच राहतो. हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

एक खबरदारी मात्र घ्यावी: प्रत्येक घटकाची चूक त्याच्याच चौकटीत अडवावी. एकदा सुताच्या भावाची माहिती यायची थांबली, तर अख्खं पान पांढरं पडलं होतं.

आता दिवाणजींनी आपली मांडणी स्वतः लावून घेतलीय. ऑर्डरी खाली ढकलल्यात. वर, बाराच्या बारा रकाने अडवून, एकटी उजनी.