जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगला जर्मनीत मान्यता कशी मिळते: पात्रता, कागदपत्रे आणि टप्पे

जर्मनीत नर्स म्हणून काम करायला नोकरीचे पत्र पुरत नाही. तिथे हा पेशा कायद्याने बांधलेला आहे. ‘फ्लेगेफाखफ्राउ’ किंवा पुरुषांसाठी ‘फ्लेगेफाखमान’ हे पद लावायला तिथल्या राज्याची लेखी परवानगी लागते. ती हातात येईपर्यंत अनेक वर्षे आयसीयू सांभाळलेल्या सिस्टरलाही मदतनीस म्हणूनच काम करावे लागते. वृद्धसेवेच्या क्षेत्रात १ जुलै २०२५ पासून लागू झालेला किमान दर पाहिला तर फरक लगेच कळतो: अप्रशिक्षित मदतनिसाला ताशी १६.१० युरो, मान्यताप्राप्त नर्सला २०.५०. मान्यतेची ही प्रक्रिया तिथे ‘आनएर्केनुंग’ या नावाने ओळखली जाते.

२०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि त्यात परिचारिकाही होत्या. पण सरकारी योजनेतून जा, एजन्सीमार्फत जा किंवा स्वतः नोकरी शोधून जा, मान्यतेची पायरी कोणालाच चुकत नाही. या प्रक्रियेत सगळ्यात जास्त वेळ दोन गोष्टी खातात, अभ्यासक्रमाच्या तासांचा पुरावा आणि जर्मन भाषा. दोन्हींची तयारी इथे, नोकरीवर असतानाच सुरू करता येते, आणि तशीच करावी.

कोणाला अर्ज करता येतो

तीन वर्षांचा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी), चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएमनंतरचा पोस्ट बेसिक बीएस्सी झालेल्या आणि राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेल्या कोणालाही अर्ज करता येतो. नागरिकत्वाची अट नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर आधीच जर्मनीत पोचलेल्या मुलींनाही हाच मार्ग आहे, आणि त्यांना व्हिसाचा वेगळा खटाटोप करावा लागत नाही. एएनएम (ऑक्झिलिअरी नर्स मिडवाइफ) झालेल्यांनी मात्र नीट समजून घ्यावे. तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि जर्मनीतल्या पूर्ण नर्सच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाशी त्याची बरोबरी लागत नाही. त्यांना मदतनिसाचे काम किंवा तिथे जाऊन नव्याने तीन वर्षांचे सवेतन प्रशिक्षण, हे पर्याय उरतात. कोणी एएनएमवर थेट ‘नर्सची नोकरी’ देतो म्हणाला तर तिथेच थांबा.

तुलना कशाशी होते

जर्मनीत १ जानेवारी २०२० पासून नवा शुश्रूषा कायदा लागू आहे. पूर्वी मुलांची नर्स, रुग्णालयातली नर्स आणि वृद्धांची नर्स अशी वेगवेगळी प्रशिक्षणे होती, ती त्याने एकत्र आणली. आता एकूण प्रशिक्षण ४६०० तासांचे आहे: २१०० तास वर्गातले आणि २५०० तास प्रत्यक्ष कामाचे. प्रत्यक्ष कामात रुग्णालय, दीर्घकालीन निवासी सेवा आणि रुग्णाच्या घरी जाऊन केलेली शुश्रूषा असे प्रत्येकी ४०० तास ठरलेले आहेत. त्याखेरीज बालरुग्ण आणि मनोरुग्ण विभाग येतात.

तुमच्या कागदांवर या प्रत्येक भागाचे तास शोधले जातात. आपल्याकडचे विद्यार्थी तासांत कमी पडत नाहीत, अनेकदा जास्तच भरतात. पण वृद्धाश्रमातली किंवा घरपोच सेवा आपल्या अभ्यासक्रमात वेगळी मोजलेली नसते, ती कम्युनिटी हेल्थमध्ये विरघळलेली असते. म्हणून जवळजवळ प्रत्येक भारतीय अर्जावर ‘अमुक भाग कमी’ असा निकाल येतो. तो आला म्हणून खचून जाऊ नका. त्यात तुमच्या हुशारीबद्दल काहीही म्हटलेले नसते.

कागदपत्रे

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे विषयवार तासांचा ट्रान्स्क्रिप्ट. गुणपत्रिकेने हे काम होत नाही, कारण तिच्यावर फक्त गुण असतात. प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास आणि प्रत्येक वॉर्डातले क्लिनिकलचे तास लिहिलेले हवेत. बीएस्सीवाल्यांसाठी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि कॉलेज, जीएनएमवाल्यांसाठी नर्सिंग स्कूल आणि परीक्षा घेणारे मंडळ, अशी फिरती असते. कॉलेजकडून पत्र घेताना मेडिकल, सर्जिकल, बालरोग, मानसोपचार, कम्युनिटी असे वॉर्ड वेगळे लिहून मागा. एकच बेरीज लिहिलेले पत्र जर्मनीत फारसे कामाचे नसते. जेरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वृद्ध रुग्णांच्या वॉर्डात किंवा गृहभेटींत काम केले असेल तर तेही स्वतंत्र ओळीत मागा. कॉलेज बंद झाले असेल किंवा जुने रजिस्टर सापडत नसेल तर हा एक कागदच कित्येक महिने घेऊ शकतो, म्हणून सुरुवात इथूनच करा.

त्यानंतर पदवी किंवा पदविका प्रमाणपत्र, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे चालू मुदतीचे नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याच परिषदेचे गुड स्टँडिंग सर्टिफिकेट लागते. तुमच्यावर व्यावसायिक कारवाई झालेली नाही, असे या शेवटच्या पत्रात लिहिलेले असते. ते, पोलीस क्लिअरन्स आणि डॉक्टरांचे फिटनेस प्रमाणपत्र हे तिन्ही ताजे असावे लागतात, अनेक ठिकाणी तीन महिन्यांच्या आतले. म्हणून ते आधीच काढून ठेवू नका, फाइल पाठवण्याच्या बेतात असताना काढा. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयाच्या पोर्टलवरून मिळते.

अनुभवाची पत्रे पुष्कळ जण हलक्यात घेतात. कायद्यानुसार अभ्यासक्रमातली उणीव नंतरच्या कामाच्या अनुभवाने भरून काढता येते, पण पत्रात तो अनुभव दिसायला हवा. ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत स्टाफ नर्स होत्या, वर्तणूक चांगली’ एवढ्या पत्राने काहीच भरून निघत नाही. कोणता विभाग, पूर्ण वेळ की अर्धवेळ, कोणत्या प्रकारचे रुग्ण आणि कोणती कामे, हे रुग्णालयाच्या लेटरहेडवर हवे. मेट्रनकडे जाताना मजकूर स्वतः लिहून घेऊन जावे, म्हणजे सही लवकर मिळते.

शिवाय पासपोर्ट, जन्मदाखला, सही केलेला जर्मन पद्धतीचा तक्त्यातला बायोडेटा, आणि त्या राज्यात काम करायचा इरादा दाखवणारा काहीतरी पुरावा, म्हणजे बहुधा नोकरीचे पत्र.

नावाचा घोळ

मराठी मुलींची फाइल सगळ्यात जास्त इथे अडकते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर आडनाव आणि मधले नाव दोन्ही बदलतात, कुणाकुणाचे पहिले नावही बदललेले असते. परिषदेची नोंदणी माहेरच्या नावाने, अनुभवपत्र सासरच्या नावाने. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण जर्मन कारकुनाच्या टेबलावर त्या दोन वेगळ्या बायका असतात.

विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत जोडाच. जमले तर फाइल पाठवण्याआधी परिषदेच्या नोंदीतले नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. लग्न ठरले असेल आणि अर्ज चालू असेल, तर प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत पासपोर्टवरचे नाव बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मनीत लग्नानंतर माहेरचे नाव ठेवायला काहीच अडचण येत नाही.

भाषांतर, प्रती आणि अपॉस्टिल

कागदांचे जर्मन भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच हवे. आधी मान्यता देणाऱ्या जर्मन कार्यालयाला विचारा, काही ठिकाणी इंग्रजी कागद भाषांतराविना चालतात आणि तेवढे पैसे वाचतात. मूळ कागद टपालाने कधीही पाठवू नका, प्रमाणित प्रती मागितल्या जातात.

अपॉस्टिलबद्दल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून सरकारकडून मारून घेतलेल्या शिक्क्याबद्दल, मात्र सांगितलेच पाहिजे, कारण यात गरज नसताना लोकांचे हजारो रुपये जातात. भारताने अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात प्रवेश केला तेव्हा जर्मनीने त्यावर हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांत अपॉस्टिलला कायदेशीर अर्थ नाही. जर्मन कार्यालयाला शंका आली तर ते दूतावासामार्फत कागदांची पडताळणी करून घेते. तुमच्या मान्यता कार्यालयाने लेखी मागितल्याशिवाय एजंटच्या सांगण्यावरून सगळ्या कागदांवर अपॉस्टिल मारून घेऊ नका.

अर्ज कुठे करायचा

जर्मनीत १६ राज्ये आहेत आणि मान्यता राज्याचे कार्यालय देते. ज्या राज्यात नोकरी, त्या राज्यात अर्ज. बर्लिनसाठी ‘लागेझो’ नावाचे आरोग्य कार्यालय, बाडेन-व्युर्टेम्बर्गसाठी स्टुटगार्टचे प्रशासकीय कार्यालय, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियासाठी म्युन्स्टरचे. कोणते कार्यालय ते जर्मन सरकारच्या ‘आनएर्केनुंग इन डॉइचलांड’ या संकेतस्थळावर शहराचे नाव टाकून शोधता येते. भारतात बसून अर्ज करणाऱ्यांसाठी बॉनमध्ये रोजगार खात्याचे ‘झेडएसबीए’ हे मदत केंद्र आहे. ते कागद तपासून देते आणि योग्य कार्यालयाकडे फाइल नेण्यात मदत करते, तेही फुकट. लाखांत फी मागणाऱ्या एजंटचे निम्मे काम इथे होऊन जाते. कार्यालयाची फी बहुधा १०० ते ६०० युरोंच्या दरम्यान असते.

फाइल पूर्ण झाल्यावर निकालाला साधारण तीन ते चार महिने लागतात. नोकरी देणाऱ्या संस्थेने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू केली तर मान्यता कार्यालयाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. संस्थेशी बोलताना ही मागणी जरूर करा.

निकालानंतरचे दोन रस्ते

निकालपत्राला ‘बेशाइड’ म्हणतात. त्यात काय कमी आहे ते लिहिलेले असते आणि ते भरून काढायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे ज्ञानपरीक्षा, ‘केंटनिसप्र्युफुंग’. तिचा तोंडी भाग ४५ ते ६० मिनिटांचा असतो आणि प्रात्यक्षिकात दोन ते चार रुग्णांची शुश्रूषा करून दाखवावी लागते. नापास झालेला भाग एकदा पुन्हा देता येतो. दुसरा मार्ग जुळवणी अभ्यासक्रमाचा, ‘आनपासुंग्सलेरगांग’: कमी पडलेल्या विभागांत ठरावीक तास काम आणि शेवटी एक चर्चा.

परीक्षा लवकर उरकते, पण ती जर्मनमध्ये बोलण्याची परीक्षा आहे. प्रात्यक्षिकात नुसते इंजेक्शन नीट देऊन भागत नाही. अंघोळ घालणे, भरवणे, कुशीवर वळवणे हे तिथे नर्सचेच काम आहे, आणि ते करताना रुग्णाशी काय बोललात, शुश्रूषेची योजना कशी मांडलीत हे पाहतात. आपल्याकडे यातले बरेच काम नातेवाईक किंवा मावशी करतात, त्यामुळे अनुभवी सिस्टरही इथे अडखळतात. भाषा अजून कच्ची असेल तर अभ्यासक्रमाचा रस्ता मला जास्त सुरक्षित वाटतो. फक्त संस्था खरोखर शिकवणार आहे की रिकामी ड्युटी भरून काढणार आहे, हे आधी विचारून घ्या.

२०२४ पासून आणखी एक सोय झाली आहे. सविस्तर तुलना नको, थेट परीक्षा किंवा अभ्यासक्रम द्या, असे अर्जदार लिहून देऊ शकतो. तासांचा ट्रान्स्क्रिप्ट मिळतच नसेल त्यांच्यासाठी ही मोठी वाट आहे.

भाषा आणि व्हिसा

मान्यतेसाठी जर्मन भाषेची बी-टू पातळी लागते (ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत्या पायऱ्यांतली चौथी). पुणे-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनातली गोएथे परीक्षा किंवा ‘टेल्क’ या भाषापरीक्षा संस्थेची परीक्षा चालते, नर्सिंगसाठी टेल्कची वेगळी बी-टू परीक्षाही आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांचा व्हिसा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडून होतो. बेशाइड हातात असेल तर मान्यता पूर्ण करण्यासाठी २४ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो आणि तो १२ महिने वाढू शकतो. १ मार्च २०२४ पासून ‘मान्यता भागीदारी’ हा नवा मार्गही आहे: नोकरीचा करार आणि ए-टू जर्मन एवढ्यावर जायचे, मान्यतेचा अर्ज तिथे पोचल्यावर करायचा. जाहिरातींत हाच मार्ग सगळ्यात सोपा म्हणून सांगतात. पण ए-टू जर्मनवर वॉर्डातला हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना दिली जाणारी रुग्णांची माहिती, समजत नाही, आणि आठ तासांच्या ड्युटीनंतर बी-टूचा अभ्यास करणे फार जड जाते. निदान बी-वन करूनच निघा.

पैसे कोणाला द्यायचे, कोणाला नाही

भारतीय नियमानुसार नोंदणीकृत भरती एजंटला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. एजंटचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासा. जर्मनीत परदेशी नर्सच्या न्याय्य भरतीसाठी सरकारमान्य गुणवत्ता चिन्ह आहे. ते घेतलेल्या संस्थेने भरतीचा खर्च स्वतः सोसायचा असतो, नर्सकडून वसूल करायचा नसतो. करारात ‘इतक्या वर्षांआधी सोडलेत तर इतके युरो परत’ असे कलम असेल तर रक्कम, मुदत आणि ती दर महिन्याला कमी होते का हे वाचा. सही करण्याआधी जर्मन प्रतीचे भाषांतर मागा. शेत किंवा दागिने गहाण ठेवून जायची या कामात गरज नाही.

परवानगीपत्र मिळाल्यावर

परीक्षा किंवा अभ्यासक्रम पार पडला की बी-टूचे प्रमाणपत्र, नवे फिटनेस आणि पोलीस पत्र देऊन अंतिम परवानगीपत्र, म्हणजे ‘उरकुंडे’, मागायचे. ते सगळ्या १६ राज्यांत चालते. त्याची प्रत त्याच आठवड्यात संस्थेच्या कार्मिक विभागाला लेखी द्या आणि नर्सच्या वेतनश्रेणीची तारीख करारात लिहून घ्या. त्याच वेळी परदेशी नागरिक कार्यालयात कुशल कामगाराच्या परवान्यासाठी अर्ज करा. कायम वास्तव्यासाठी लागणारी तीन वर्षे या नव्या परवान्यापासून मोजतात, त्यामुळे इथे दिरंगाई करू नका.