ड्रायव्हर फिटिंगला येताना रोजचा स्विंग घेऊन या

ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधला सगळ्यात लांब मारायचा क्लब, आणि फिटिंग म्हणजे तो तुमच्या स्विंगच्या मापाने ठरवणं. ‘फिटिंगच्या दिवशी बॉल लांब जात होता, कोर्सवर जात नाही.’ ही तक्रार आमच्याकडे सारखी येते आणि कारण बहुतेक वेळा एकच निघतं. समोर लाँच मॉनिटर (स्विंग आणि बॉलचा वेग मोजणारं यंत्र) दिसला की खेळणारा नकळत जोर लावतो. एरवी ताशी ९० मैलांनी फिरणारा क्लब ९६ दाखवतो. त्या आकड्यावर ९ अंश लॉफ्टचा हेड (क्लबचं डोकं) आणि स्टिफ, म्हणजे कडक शाफ्ट (दांडा) ठरवला, तर रविवारी टीवर उभं राहिल्यावर तो क्लब दुसऱ्याच कुणाच्या मापाचा निघतो. मग पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा शाफ्ट बदलणं.

शिवाय त्या जोराने अंतर वाढतंच असं नाही. ९० मैलांचा स्विंग फेसच्या, म्हणजे हेडच्या बॉलला लागणाऱ्या बाजूच्या, मध्यावर लागला तर बॉल साधारण १३० मैलांनी सुटतो. ९६ मैलांचा स्विंग टोकाकडे लागला तरी बॉल १३०च्याच आसपास राहतो, वर दिशा जाते ती वेगळीच. म्हणून पहिले काही बॉल होईपर्यंत आम्ही स्क्रीन तुमच्याकडे फिरवत नाही. काहींना ते आवडत नाही, पण ही पद्धत आम्ही सोडणार नाही. सगळ्यात लांब गेलेला बॉलही आम्ही हिशेबात धरत नाही. नेहमी पडणारे बॉल कुठे पडतात, त्यावर क्लब ठरतो.

लॉफ्टबद्दल, म्हणजे फेस मागे किती झुकलेला आहे त्या कोनाबद्दल, थोडं सविस्तर. टीव्हीवरचे व्यावसायिक खेळाडू ९ अंश वापरतात, कारण त्यांचा स्विंग ११० मैलांच्या पुढचा असतो. ९० मैलांच्या स्विंगला बॉल १३ ते १५ अंशांत उठायला हवा आणि स्पिन (बॉलचं उलटं फिरणं) मिनिटाला २५०० ते ३००० फेऱ्यांच्या दरम्यान हवा. कमी लॉफ्टने बॉल खालून जातो आणि हवेत टिकण्याआधीच पडतो. एप्रिल-मे महिन्यांत फेअरवे कडक असतात तेव्हा हे लक्षात येत नाही, बॉल घरंगळत पुढे जातो. पावसाळ्यात जमीन मऊ झाली की पंधरा-वीस यार्ड कुठे गेले ते कळत नाही. या वेगाच्या बहुतेकांना १०.५ ते १२ अंश बसतात. लॉफ्ट जास्त असला की स्लाइसही (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल उजवीकडे वळणं) कमी दिसतो.

शाफ्टसाठी ८५ ते ९५ मैलांना रेग्युलर आणि ९५ ते १०५ ला स्टिफ ही फक्त सुरुवात समजा. ‘स्टिफ’ म्हणजे किती कडक, याचं सगळ्या कंपन्यांत मिळून एक माप नाही. एकीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका कडक निघू शकतो. त्यामुळे ‘मित्राला स्टिफ चालतो’ एवढ्यावर शाफ्ट मागवू नका.

लांबीकडे फार कमी जण बघतात. दुकानातले ड्रायव्हर बहुधा ४५.५ इंच किंवा त्याहून थोडे लांब असतात. अनेकांचा बॉल ४४.५ ला मध्यावर लागायला लागतो आणि लांबी कमी करूनही अंतर वाढतं. मात्र शाफ्ट घरी कापू नका. पाइप कटरने ग्राफाइटचे धागे चिरडतात, तो शाफ्ट वाचवता येत नाही. आम्ही कापायच्या जागी टेप गुंडाळून ग्रिपच्या बाजूने कापतो. एक इंच कमी केला की हेड हातात हलका लागतो, तो तोल सावरायला हेडवर साधारण १२ ग्रॅम वजन लावावं लागतं. काम स्वस्त करून देणारे हेच वजन विसरतात.

येण्याआधी एक गोष्ट नक्की करा. बॉलवर व्हाइटबोर्ड मार्करने रुपयाएवढा ठिपका काढा, ठिपका क्लबकडे ठेवून मारा. फेसवर खूण उमटेल. असे दहा बॉल मारा, दर वेळी फोटो घेऊन फेस पुसा आणि फोटो आम्हाला दाखवा. खुणा फेसच्या खालच्या भागात असतील तर स्पिन वाढतो. अशा वेळी आधी टी (बॉल ठेवायची खुंटी) उंच करून बघा: अर्धा बॉल ड्रायव्हरच्या माथ्यावर दिसायला हवा. कित्येकांचं काम इथेच होतं आणि नवीन ड्रायव्हर लागतच नाही. तसं असेल तर आम्ही तसंच सांगतो.

तुम्ही खेळता तेच दोन-तीन बॉल आणा. सरावाच्या रेंजचे बॉल कमी जातात आणि दर वेळी वेगळे जातात. अठरा होल खेळून थेट येऊ नका, दमलेल्या अंगाचं माप चुकतं. आयर्नने (कमी अंतराच्या फटक्यांचा क्लब) पंधरा मिनिटं अंग मोकळं करूनच ड्रायव्हर हातात घ्या.

ॲडजस्टेबल स्लीव्ह (हेड आणि शाफ्टमधला फिरवून बदलता येणारा जोड) असेल तर आपण ती कुठे ठेवली आहे ते लक्षात ठेवा. लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो आणि कमी केला की उघडतो. स्लाइस करणाऱ्याने लॉफ्ट कमी करून बॉल सरळ होण्याची वाट बघणं म्हणूनच व्यर्थ. पाना ‘टक’ वाजेपर्यंतच फिरवा.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. इथे २०० यार्ड जाणारा बॉल मुंबईत चार-पाच यार्ड कमी गेला तर क्लबला दोष देऊ नका. डिसेंबरच्या गार सकाळीही तेच.

फिटिंगची फी वेगळी घेतो, कारण त्याला तासभर लागतो. क्लब किंवा शाफ्ट आमच्याकडून घेतलात तर ती बिलात वळती होते. तीन-चार राउंड खेळून झाल्यावर एकदा परत या, स्लीव्ह आणि वजन विनामूल्य जुळवून देऊ.