मोठ्या ध्येयाचे टप्पे पाडणे (गेमिफाइड ॲपमध्ये)

महिनोन्महिने चालणारे काम छोट्या तुकड्यांत वाटायचे, प्रत्येक तुकडा पुरा झाला की नाही हे तिथल्या तिथे सांगता यावे असा बेतायचा आणि त्याला खेळातल्यासारखे गुण, नाणी किंवा पातळी जोडायची, ही कामाचे नियोजन करणाऱ्या गेमिफाइड ॲपमधली मुख्य पद्धत आहे. स्पर्धा परीक्षा, मॅरेथॉनची तयारी, प्रबंधलेखन अशा लांब पल्ल्याच्या कामांसाठी ती वापरतात. मुंबईत तिची गरज जास्तच भासते. इथल्या नोकरदाराला सलग मोकळा वेळ क्वचित मिळतो. जो मिळतो तो लोकलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री घरातली निजानीज झाल्यावर.

या प्रकारातले एक परिचित ॲप म्हणजे हॅबिटिका. २०१३ मध्ये हॅबिटआरपीजी या नावाने ते सुरू झाले आणि २०१५ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. सवयी, रोजची कामे आणि एकदाच करायची कामे असे त्यात कामांचे तीन प्रकार असतात. काम उरकले की आपल्या पात्राला अनुभवगुण आणि सोन्याची नाणी मिळतात, रोजचे काम चुकले की त्याची प्राणशक्ती घटते. टप्प्यांसाठी कामी येते ती रोजच्या आणि एकदाच करायच्या कामांच्या पोटात करता येणारी उपयादी. एकदाच करायच्या कामात खूण केलेल्या प्रत्येक उपकामामुळे बक्षीस वाढते. रोजचे काम अर्धवट राहिले, तर जेवढी उपकामे झाली असतील तेवढा फटका कमी बसतो. अर्ध्या झालेल्या कामाची अशी कदर करणे हा या रचनेतला सर्वांत शहाणपणाचा भाग म्हणावा लागेल.

या पद्धतीला आधार देणारा एक महत्त्वाचा प्रयोग मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. अल्बर्ट बँडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये वजाबाकीत कच्च्या आणि गणिताचा कंटाळा असलेल्या मुलांना ४२ पानांचा स्वाध्याय सात बैठकांसाठी दिला. एका गटाला दर बैठकीला सहा पाने करायला सुचवले, दुसऱ्याला सातव्या बैठकीअखेर सगळी ४२ पाने, तिसऱ्याला कोणतेच लक्ष्य दिले नाही. पाने तीच आणि बैठकाही तेवढ्याच. सहा पानांचे लक्ष्य मिळालेली मुले वजाबाकीत पुढे गेली, आपल्याला हे जमते असा विश्वास त्यांना आला आणि पुढे मोकळीक दिल्यावर त्यांनी आपणहून जास्त गणिते सोडवली. ४२ पानांच्या दूरच्या लक्ष्याचा मात्र म्हणावा असा काही परिणाम दिसला नाही.

शेवट जवळ आला की वेग वाढतो, हे तत्त्व मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३२ मध्ये मांडले होते. २००६ मध्ये जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ या संशोधकांनी मोटार धुण्याच्या एका केंद्रावर ३०० ग्राहकांना शिक्क्यांची कार्डे वाटली: दर धुलाईला एक शिक्का, सगळी घरे भरली की एक धुलाई फुकट. निम्म्यांच्या कार्डावर आठ घरे होती. उरलेल्यांच्या कार्डावर दहा, पण त्यांतली दोन आधीच भरलेली. दोघांनाही लागणार होते आठच शिक्के. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पुरे केले, दुसऱ्यातल्या ३४ टक्के लोकांनी. नोंदणी करताच खात्यात दोन-चार गुण टाकणारी ॲप याच प्रवृत्तीचा फायदा घेतात.

टप्पा नेमका कसा पाडायचा, हा खरा कसबाचा भाग. समजा, मुलुंडला राहणारी आणि फोर्टमध्ये नोकरी करणारी एक मुलगी राज्यसेवा परीक्षेची तयारी करते आहे. ‘राज्यघटना वाचणे’ असे तिने ॲपमध्ये लिहिले तर ती ओळ महिनाभर तशीच पडून राहील. ‘भाग तीन, मूलभूत हक्क, कलम १२ ते ३५’ हा टप्पा झाला. त्याच्या पोटात समतेचा हक्क कलम १४ ते १८, स्वातंत्र्याचा हक्क १९ ते २२, शोषणाविरुद्धचा हक्क २३ आणि २४, अशी उपयादी करता येते. कलम २३ आणि २४ एका बैठकीत होतात. १९ ते २२ ला दोन दिवस लागतील, म्हणून ते आणखी फोडायला हवे. मग प्रश्न येतो जागेचा. सकाळच्या स्लो लोकलमध्ये मुलुंडहून उभ्याने येताना पुस्तक उघडता येत नाही. त्या वेळेला मोबाइलवरचे वस्तुनिष्ठ प्रश्न ठेवावेत. घाटकोपर-कुर्ल्याला चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला टेकण्यापुरती जागा, मिळाली तरच वाचनाचा विचार. उजळणी दादरच्या एखाद्या अभ्यासिकेत, सुट्टीच्या दिवशी. ‘वाचले’ यापेक्षा ‘पुस्तक मिटून पाच कलमे लिहिली’ हा निकष चांगला, कारण त्यात स्वतःची फसवणूक करता येत नाही.

काही ध्येये अशी वाटून संपत नाहीत. २००४ पासूनच्या मुंबई मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. जानेवारीतल्या शर्यतीवरून उलटे मोजत आठवड्यांचे टप्पे पाडता येतात, पण रविवारची लांब धाव एका दमात पूर्ण करावी लागते. चार दिवस थोडे थोडे धावून ती भरून निघत नाही. शर्यतीच्या उत्तरार्धात, पाय जड झालेले असताना, पेडर रोडची चढण येते, आणि तिची तयारी याच लांब धावांतून होते. अशा कामाचे ॲपमध्ये तुकडे करू नयेत, ते अखंड ठेवून त्याला जास्त गुण द्यावेत.

दंडाची बाजू जपून वापरावी लागते. जुलैच्या पावसात लोकल बंद पडून माणूस मध्यरात्री घरी पोहोचतो, तेव्हा चुकलेल्या कामाची शिक्षा त्याला देणे अन्यायाचे आहे. हॅबिटिकात नुकसान थांबवून ठेवण्याची सोय आहे, ती अशा वेळी निःसंकोच वापरावी. या ॲपमध्ये मित्रांचा गट करून खेळातल्या राक्षसाशी लढता येते. अशी लढाई चालू असेल तर आपल्या चुकलेल्या रोजच्या कामांचा मार गटातल्या सगळ्यांना बसतो. मित्रांच्या या धाकाने काही जण नेटाने काम करतात, काही जण ॲपच सोडून देतात.

या पद्धतीवरचा गंभीर आक्षेप बक्षिसांविषयी आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३ च्या प्रयोगात, चित्रे काढायची आवड असलेल्या ज्या बालवाडीतल्या मुलांना प्रशस्तिपत्र देऊ असे आधी सांगितले होते, ती नंतर मोकळ्या वेळेत कमी चित्रे काढू लागली. त्यामुळे मुळात आवडीने होणारे वाचन किंवा रियाज ॲपच्या गुणांना न जोडणे बरे. दुसरा धोका अतिविभागणीचा. ‘वही काढली’, ‘पेन घेतले’ यांनाही गुण मिळू लागले की पातळी वाढते आणि अभ्यास जागेवर राहतो. असे उपकाम यादीतून काढून टाकावे आणि त्याचे गुण पुढच्या खऱ्या टप्प्याला द्यावेत.