स्पॅनिश भूतकाळातली तीन हट्टी क्रियापदं

स्पॅनिश शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतात ती क्रियापदं. 'पोदेर' म्हणजे शकणे. पण 'मी शकतो' म्हणायला 'प्वेदो' आणि 'मी शकलो' म्हणायला 'पूदे'. 'तेनेर' म्हणजे जवळ असणे. त्याचं 'तेंगो' आणि 'तुबे'. पाठांतराला अंत नाही. मग 'इम्पेरफेक्तो' नावाचा भूतकाळ येतो आणि सगळा गोंगाट थांबतो: 'पोदीआ', 'तेनीआ', सरळसोट. आपल्याकडे 'तो जात होता' आणि 'तो जात असे' असे दोन प्रयोग जे काम करतात, ते हा एकटा काळ करतो. हजारो क्रियापदांत त्याला अपवाद फक्त तीन. 'सेर' (असणे), 'इर' (जाणे) आणि 'बेर' (पाहणे) यांची रूपं 'एरा', 'इबा' आणि 'बेइआ' अशी होतात.

अपवाद इतके कमी का? याचं बरंचसं उत्तर आघातात, म्हणजे बोलताना एखाद्या अक्षरावर पडणाऱ्या जोरात आहे. लॅटिनमधले ऱ्हस्व ए आणि ओ आघाताखाली सापडले की स्पॅनिशमध्ये ते फुटून 'ये' आणि 'वे' झाले. म्हणून 'नेगार' (नाकारणे) या क्रियापदाचं 'न्येगो' होतं. नियमाने चालणाऱ्या क्रियापदांच्या इम्पेरफेक्तोत मात्र आघात धातूवर पडत नाही, तो प्रत्ययावर असतो: नेगा-बा. धातूवर भारच नाही, तर तो फुटणार कशाला?

या 'बा'ची कुळकथा मला फार आवडते. लॅटिनमध्ये तो '-बाम' होता, आणि अभ्यासकांच्या मते त्याआधी तो प्रत्यय नव्हताच. ते एक सहायक क्रियापद होतं, संस्कृत 'भू' ज्या मुळातून आला त्याच मुळातलं. पुढे ते झिजून मुख्य क्रियापदाला चिकटलं. 'इबा'चं लॅटिन रूप 'ईबाम'. त्यातला 'ई' हा संस्कृतातल्या 'इ' (एति, म्हणजे जातो) धातूचा भाऊ. म्हणजे 'इबा'ची फोड 'इ' अधिक 'भू' अशी होते. मराठीतलं 'होता'सुद्धा 'भू'चंच, भवति-होइ या वाटेने आलेलं. म्हणून 'इबा' आणि 'जात होता' यांची घडण चकित व्हावं इतकी सारखी आहे. मात्र ही ठेवण कुणाकडून वारशात मिळालेली नाही. दोन भाषांनी, शेकडो वर्षांच्या अंतराने, आपापली ती घडवली.

मग 'इबा' अपवाद कसा ठरला? तो बदललाच नाही म्हणून. लॅटिनमध्ये जवळजवळ सगळ्याच क्रियापदांना हा 'ब' होता. स्पॅनिशच्या वाटेवर शेवटी 'आर' असलेल्या क्रियापदांच्या गटाने तो सांभाळला, 'एर' आणि 'इर'वाल्या गटांनी टाकला. 'हाबेबाम', 'देबेबाम' अशा शब्दांत दोन 'ब' पाठोपाठ येत. त्यातला एक गळला आणि बाकीची क्रियापदं त्यांच्यामागे गेली, असं सहसा सांगितलं जातं. 'इबा'ने मात्र आपला 'ब' सोडला नाही. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये तोही गेला. गोव्यात ती भाषा शिकणाऱ्यांना 'इआ' भेटतो. उलट इटालियनने तो 'व'च्या रूपात सगळ्याच गटांत ठेवला.

'एरा' त्याहून जुना. त्याला 'बाम' कधी लागलाच नाही. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या 'स'चा 'र' होण्याआधी तो 'एसाम' होता. मूळ तेच, जे संस्कृत 'अस्'चं. संस्कृत गोष्टीतल्या राजाची ओळख 'आसीत्'ने होते, स्पॅनिश गोष्ट 'एरासे ऊना बेस'ने सुरू होते, आणि दोन्हीकडे गोष्ट उघडणारं क्रियापद एकाच धातूचं, अशाच भूतकाळातलं.

तिसरा, 'बेइआ', माझ्या मते अपवाद म्हणण्याच्या लायकीचाच नाही. जुन्या स्पॅनिशमध्ये पाहणे म्हणजे 'बेएर' (लॅटिन 'विदेरे', संस्कृत 'विद्'चा नातलग). 'क्रेएर'चं 'क्रेइआ' होतं तसंच 'बेएर'चं 'बेइआ', अगदी नियमाने. पुढे मूळ रूप आक्रसून 'बेर' झालं, भूतकाळ मात्र जुन्या मापाचाच राहिला.

ही तीनच का टिकली? असणे, जाणे, पाहणे यांच्यावाचून दिवस जात नाही. सतत कानावर पडणारं रूप मूल नियम शिकण्याआधीच तयार उचलतं. क्वचित ऐकलेलं रूप मात्र आठवलं नाही की नियमाने बनवावं लागतं. 2007 साली 'नेचर'मध्ये एरेझ लीबरमन आणि सहकाऱ्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं तपासली. त्यातली आज 98च अनियमित उरली आहेत. शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट वेगाने नियमात येतं, असं त्यांच्या हिशोबात निघालं. मराठीतही 'गेला', 'केला', 'आला' यांना कुणी हात लावत नाही; 'प्यालो'ला मात्र 'पिलो'ने कधीच गाठलं आहे.

स्पॅनिशमध्ये गंमत उलट्या दिशेनेही चालू आहे. 'प्रेबेर' म्हणजे आधीच ओळखणे, 'बेर'पासून बनलेलं. पण चांगले शिकलेले लोकही 'प्रोबेएर' (पुरवणे) या शब्दाच्या ओढीने 'प्रेबेएर' लिहून जातात. भाषेच्या अकादमीला ते मान्य नाही, शिक्षक त्याखाली लाल रेघ मारतात. तरी त्या चुकीच्या शब्दाच्या पोटात जुना 'बेएर' पुन्हा येऊन बसलेला असतो.