पार्श्वभूमी: युद्ध, गरिबी आणि वळिवडे

गरिबी असेल तिथे अशांतता येते, असं आपण सहज बोलून जातो. कोल्हापूरपासून सात-आठ किलोमीटरवरच्या वळिवड्याचा इतिहास मात्र उलट्या दिशेने चालतो.

१९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडच्या लाखो लोकांना १९४०-४१ मध्ये सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलं गेलं. ही माणसं काही मुळात कंगाल नव्हती. जमीनजुमला असलेले शेतकरी होते, वनखात्यातले नोकरदार होते, शिक्षक होते. रात्री दारावर थाप पडली, हाताला लागेल ते गाठोड्यात बांधलं आणि मालगाडीत चढावं लागलं. पुढे हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. इराणमार्गे त्यांच्यातले सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत आले. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना असं एक गावच तिथे वसलं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे.

१९४८ मध्ये ती छावणी उठली आणि फाळणीने घरदार गेलेले सिंधी तिथे आले. तेही व्यापारउदीम असलेले लोक. एका वर्षात निर्वासित झाले. आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर त्यांनी उभं केलं.

छावणी सुरू झाली त्याच १९४३ मध्ये बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसं उपासमारीने आणि रोगराईने मेली. जपानने ब्रह्मदेश घेतल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला होता, युद्धखर्चाने महागाई भडकली होती आणि शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रज सरकारने नदीकाठच्या होड्या काढून घेतल्या होत्या. लढाई सीमेवर होती, मरणारा भूमिहीन मजूर आणि कोळी होता.

शांतता आणि गरिबीची सांगड जागतिक पातळीवर आधी घातली ती आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने. १९१९ च्या तिच्या घटनेत म्हटलं आहे, की टिकाऊ शांतता सामाजिक न्यायावरच उभी राहू शकते. १९४४ च्या फिलाडेल्फिया जाहीरनाम्यात याच संघटनेने बजावलं, की कुठल्याही एका ठिकाणची गरिबी सगळीकडच्या समृद्धीला धोका आहे. या दोन तारखांच्या मधे जर्मनी होता: पहिल्या महायुद्धाची नुकसानभरपाई, १९२३ ची चलनवाढ, १९३२ मधले सुमारे साठ लाख बेकार आणि १९३३ मध्ये हिटलर. बेकारीने हिटलरला मतं मिळवून दिली, हे खरं. पण पोलंडवर चढाई करण्याचा निर्णय कुणा बेकाराने घेतला नव्हता. गरिबांना अशांततेचं मूळ ठरवताना हे विसरणं मला अन्यायाचं वाटतं.

नोबेल समितीने हा धागा अनेकदा धरला. १९४९ मध्ये अन्न व कृषी संघटनेचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर, १९६९ मध्ये हीच आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, २००६ मध्ये बांगलादेशचे मुहम्मद युनूस आणि त्यांची ग्रामीण बँक, २०२० मध्ये जागतिक अन्न कार्यक्रम, हे सगळे शांततेच्या पुरस्काराचे मानकरी.

२०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४१७ करून, उपासमारीचा युद्धात शस्त्र म्हणून वापर करण्याचा निषेध केला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२४ मध्ये, सुदानच्या दार्फुर भागातल्या झमझम निर्वासित छावणीत दुष्काळ जाहीर झाला. कारण पावसाचं नव्हतं. लढाईमुळे अन्नाचे ट्रक तिथवर पोहोचत नव्हते.